जनमत आणि संसद : ब्रिटनचा पेच



वॉरन हेस्टिंग्जवर पुढे महाभियोग चालविणारे एडमंड बर्क ३ नोव्हेंबर १७७४ रोजी ब्रिस्टलच्या मतदारांसमोर उभे होते. खासदार हा मतदारांचा केवळ निरोप्या नव्हे, त्याने स्वतःच्या विवेकाने निर्णय घेतला पाहिजे, असे त्यांनी बजावले. १७८० मध्ये त्याच ब्रिस्टलची जागा त्यांना गमवावी लागली. बर्कची साक्ष काढणारे विद्वान ही दुसरी गोष्ट सहसा सांगत नाहीत!

युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या प्रश्नावर ब्रिटनमध्ये हाच जुना वाद नव्याने पेटला. सार्वमताच्या विधेयकाला जून २०१५ मध्ये दुसऱ्या वाचनाच्या वेळी ५४४ विरुद्ध ५३ मतांनी पाठिंबा मिळाला. निकाल बंधनकारक राहील, असे त्या कायद्यात कोठेही म्हटलेले नव्हते. परंतु जनता ठरवील ते अमलात आणू, अशी ग्वाही सरकारने घरोघरी पाठविलेल्या पत्रकातून दिली. कायदा एक सांगतो आणि सरकार दुसरेच वचन देते. पेचाचे मूळ येथे आहे.

२३ जून २०१६ रोजी सुमारे १ कोटी ७४ लाख मतदारांनी, म्हणजे ५१.९ टक्क्यांनी, बाहेर पडण्याचा कौल दिला. बहुसंख्य खासदार मात्र संघात राहण्याच्या मताचे होते. बाहेर पडण्याची सूचना देण्यापूर्वी संसदेची संमती आवश्यक आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला, तेव्हा एका वृत्तपत्राने न्यायाधीशांना जनतेचे शत्रू ठरविले. हा आरोप अन्यायाचा होता. न्यायालयाने जनमत फेटाळले नव्हते. आणि संसदेनेही फेब्रुवारी २०१७ मध्ये ४९८ विरुद्ध ११४ मतांनी त्या दिशेने पाऊल टाकले.

खरी अडचण पुढे आली. बाहेर पडावे की नाही, एवढेच जनतेला विचारले होते. कसे पडावे, हे कोणी विचारलेच नव्हते. १५ जानेवारी २०१९ रोजी थेरेसा मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी कोसळला. तो फारच मवाळ वाटणारे आणि बाहेर पडणेच नको असणारे, दोघेही त्या दिवशी एकाच रांगेत होते. मार्चमध्ये सभागृहापुढे आठ पर्याय ठेवण्यात आले. एकालाही बहुमत मिळाले नाही. जनमताचा अर्थ लावण्याचे जे काम संसदेचे होते, तेच तिला साधले नाही. बोरिस जॉन्सन यांनी मग संसदेचे अधिवेशनच स्थगित करविले. २४ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी ते एकमताने बेकायदेशीर ठरविले. लोकांच्या नावाने लोकप्रतिनिधींची तोंडे बंद करण्याचा तो प्रयत्न होता आणि त्याचे समर्थन करणे कठीण आहे.

अखेर गुंता सुटला तो निवडणुकीने. १२ डिसेंबर २०१९ रोजी जॉन्सन यांच्या पक्षाला ३६५ जागा मिळाल्या; मते मात्र निम्म्याहून कमीच होती. ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ब्रिटन संघाबाहेर पडले. त्याच्यासोबत स्कॉटलंडही बाहेर पडला, जेथील ६२ टक्के मतदारांनी संघात राहण्याच्या बाजूने मत दिले होते.