ठिणगींत जुळणारे रेणु

‘अणु जुळून रेणु होतो’ हें वाक्य मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल, याची गणती नाहीं. एकदां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, तो जुळतांना कोणीं पाहिला आहे काय?” मीं त्यास खालीं बसविलें. मला उत्तर ठाऊक नव्हतें, हेंच त्याचें खरें कारण. तें उत्तर आज देतों.

शिसपेन्सिलींतील ग्रॅफाईट म्हणजे कार्बनच. त्याच्या तुकड्यावर लेसर-किरणाचा एक झटका द्यावा. लेसर प्रथम १९६० सालीं सिद्ध झाला. असा झटका सेकंदाचे पांचसहा अब्जांशच टिकतो. पण तेवढ्यांत पृष्ठभागावरील कणाची वाफ होऊन ती दहा हजार अंशांपलीकडे तापते, अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि लखलखीत ठिणगी उसळते. हाच प्लाझ्मा. एवढ्या तापांत जोडी जमली तरी तत्काळ फुटते. ठिणगी पसरून निवूं लागली, म्हणजे कार्बनचे दोन अणु एकमेकांस धरतात. कोणी हवेंतील नायट्रोजनशीं सोयरीक करतो.

हें कळतें वर्णपटावरून. सुट्या अणूचा प्रकाश बारीक, अलग रेषांत उमटतो. रेणु मात्र कंपतो आणि फिरतोहि; त्यामुळें त्याच्या रेषा दाटून पट्टा होतो, लुगड्यासारखा एका अंगास ठसठशीत कांठ असलेला, दुसऱ्या अंगास विरत गेलेला. कार्बनच्या जोडीचा एक कांठ हिरव्या रंगांत ५१६ नॅनोमीटरांपाशीं, कार्बन-नायट्रोजनचा जांभळ्यांत ३८८ पाशीं. हिरवे पट्टे विल्यम स्वान यांनीं १८५७ च्या सुमारास ज्योतींत अभ्यासिले होते. आपल्या गॅसच्या शेगडीची ज्योत पाहा. तिच्या आंतल्या निळसर-हिरव्या शंकूंत याच जोडीचा वांटा आहे.

क्षणाक्षणाचा वर्णपट टिपला, तर पट्टा केव्हां उजळला तें दिसतें. पट्ट्याच्या घडणीवरून तापमानहि काढतां येतें. मात्र एक फसगत संभवते. जांभळा पट्टा दिसला म्हणून नायट्रोजन त्या तुकड्यांतच होता, असें म्हणूं नये. तो हवेंतून आलेला असतो. हवा काढून निर्वातांत प्रयोग केला, म्हणजे पारख होते.

मंगळावर २०१२ सालीं उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीवर असाच लेसर आहे. तो सात मीटरांपर्यंतच्या खडकांवर ठिणगी पाडतो. फ्लोरिनच्या स्वतःच्या रेषा फार क्षीण असतात. पण खडकांतील कॅल्शियमशीं त्याची ठिणगींत गांठ पडली, कीं नारिंगी रंगांत ६०३ नॅनोमीटरांच्या आसपास ठळक पट्टा उमटतो. मंगळावरील फ्लोरिन ओळखला गेला, तो या जोडीच्या पट्ट्यावरून.