सहा निबंधांचे मोल

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



गुणगौरवाच्या प्रसंगी वक्त्याने चार उपदेशपर शब्द बोलावे आणि मुलांच्या हाती बक्षिसे देऊन मोकळे व्हावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो प्रघात आज थोडा मोडण्याची अनुज्ञा आम्ही आपणांजवळ मागतो. उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस यंदा उरलेला नाही, कारण मंडळाच्या शिष्यवृत्ती-समितीचे काम करताना गतवर्षी आमच्या हातून एक चूक घडली. ती आपणां सर्वांसमोर कबूल करावी आणि ती का घडली हे सांगावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

उच्च संशोधनासाठी मंडळ जे साहाय्य देते त्याकरिता गतवर्षी दोन अर्ज विचारात होते. अर्जाच्या नमुन्यात तीन रकाने आहेत : प्रसिद्ध शोधनिबंधांची संख्या, त्यांना मिळालेल्या दाखल्यांची संख्या आणि एच्-निर्देशांक. पहिल्या अर्जात हे तिन्ही रकाने भरगच्च होते. दुसरा अर्ज आपल्याच ज्ञातीतील एका मुलीचा. ती परिस्थितिविज्ञानाची विद्यार्थिनी. आजोळच्या गावातील एका तळ्याचा अभ्यास तिने तीन वर्षे चालविला होता. दर पंधरा दिवसांनी तळ्यावर जायचे. पाण्याची पातळी, गाळ, शेवाळ, गोगलगायी, मासे यांच्या नोंदी करायच्या. तिच्या नावावर छापलेला निबंध एकच होता, दुसरा नियतकालिकाकडून परत आलेला. आम्ही रकाने पाहिले, बेरीज केली आणि पाच मिनिटांत निकाल दिला. तिचा निबंध अर्जाला जोडलेला होता. तो आम्ही उघडलाही नाही. चाळीस वर्षे महाविद्यालयात जीवशास्त्र शिकविलेल्या माणसाने हे करावे, याची लाज वाटते.

आता हे रकाने म्हणजे काय, ते घरच्या वडीलधाऱ्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. संशोधक आपल्या निबंधात आधीच्या ज्या निबंधांचा आधार घेतो, त्यांचा उल्लेख करतो. हा उल्लेख म्हणजे दाखला. न्यायालयात वकील जुन्या निवाड्यांचा दाखला देतात, तसाच हा प्रकार. आणि या मोजणीची कल्पनाही वकिलांच्या अशाच एका सूचिग्रंथावरून सुचलेली आहे. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ती विज्ञानासाठी मांडली आणि १९६४ पासून विज्ञानातील दाखल्यांची सूची नियमाने निघू लागली. उद्देश असा की, एखादा विचार पुढे कोणी कोणी उचलला, याचा माग अभ्यासकाला काढता यावा. वाट शोधण्यासाठी केलेल्या या साधनाचे पुढे माणसे तोलण्याचे तराजू झाले. २००५ साली होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच्-निर्देशांक सुचविला. एखाद्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा दाखले मिळाले असतील, तर त्याचा निर्देशांक दहा. तो अकरा व्हावयाचा, तर प्रत्येकी निदान अकरा दाखले असलेले अकरा निबंध हवेत.

या तराजूत आता आपण एक माणूस घालून पाहू.

रेमंड लिंडमन यांचा जन्म १९१५ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात झाला. मिनेसोटा विद्यापीठातील पदवीसाठी त्यांनी सीडर बॉग लेक नावाचे एक लहानसे, उथळ, गाळाने भरत चाललेले तळे निवडले. पत्नी एलिनॉर यांच्या साहाय्याने त्यांनी त्या तळ्यातील वनस्पती, सूक्ष्म जीव, अळ्या, मासे यांचे ऋतुमानाप्रमाणे मोजमाप केले. त्यातून त्यांना जे सुचले ते असे : आपले खजिनदार जसा वर्षअखेरीस जमाखर्चाचा ताळेबंद मांडतात, तसा तळ्याचाही मांडता येईल. जमा एकच, सूर्यप्रकाश. वनस्पती त्यातून अन्न करतात, वनस्पती खाणारे प्राणी त्यांतला काही भाग घेतात, त्या प्राण्यांना खाणारे आणखी काही भाग घेतात. आणि प्रत्येक पायरीवर बराचसा भाग श्वसनात व कुजण्यात खर्ची पडतो. ए. जी. टान्सली यांनी १९३५ साली ‘परिसंस्था’ ही संज्ञा योजिली होती. त्या संज्ञेला हिशेबाची भाषा लिंडमन यांनी दिली.

शिष्यवृत्ती मिळवून १९४१ साली ते येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे गेले. हे हचिन्सन म्हणजे १९३२ साली येलच्या मोहिमेबरोबर आपल्या लडाखमधील सरोवरांचा अभ्यास करून गेलेले विद्वान. त्यांच्या सहवासात लिंडमन यांनी आपला सिद्धांत निबंधरूपाने सिद्ध करून ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे पाठविला. तो दोन परीक्षकांकडे गेला. चान्सी जूडे आणि पॉल वेल्च हे दोघेही सरोवरविज्ञानातील अधिकारी पुरुष. दोघांनीही प्रतिकूल मत दिले. एका तळ्यावरून सर्व तळ्यांविषयी बोलता येत नाही. शास्त्राला आज सिद्धांतापेक्षा प्रत्यक्ष मोजमापांची गरज आहे, असा त्यांचा आक्षेप होता. गंमत अशी की, लिंडमन यांनी तुलनेसाठी विस्कॉन्सिनमधील मेंडोटा सरोवराचे जे आकडे घेतले होते, ते खुद्द जूडे यांच्याच कामातले होते.

हचिन्सन यांनी संपादकांस सविस्तर पत्र लिहून शिष्याची बाजू मांडली. संपादक थॉमस पार्क यांनी परीक्षकांचा कौल बाजूस ठेवून, निबंधात दुरुस्त्या करवून तो स्वीकारला. परंतु लिंडमन तेव्हा यकृताच्या विकाराने ग्रासलेले होते. २९ जून १९४२ रोजी त्यांचे निधन झाले; वयाची सत्तावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. निबंध छापून आला तो त्यानंतर काही महिन्यांनी, शेवटी हचिन्सन यांनी जोडलेल्या छोट्या मृत्युलेखासह. लिंडमन यांनी पुरा केलेला तो सहावा निबंध. सातवा झालाच नाही.

आता आमच्या अर्जाचे रकाने भरा. निबंध : सहा. एच्-निर्देशांक : कितीही दाखले मिळोत, सहाच्या वर तो कधीच जाणार नाही, कारण निबंधच सहा आहेत. दाखले : मृत्यूच्या दिवशी त्या मुख्य निबंधाला एकही नाही, कारण तो अद्याप प्रसिद्धच झालेला नव्हता. तरीही त्यानंतरच्या सगळ्या परिस्थितिविज्ञानाचा पाया ज्या थोड्या लेखनावर उभा आहे, त्यांत या निबंधाची गणना होते आणि आज ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही अभ्यासक त्याचा दाखला देतात. आमच्या समितीने मात्र लिंडमन यांचाही अर्ज पाच मिनिटांत बाजूस ठेवला असता.

यावर कोणी म्हणेल, तर मग मोजणीच नको. आमचे म्हणणे तसे नाही. लिंडमन यांच्या निबंधाचा प्रभाव किती दूरवर पोहोचला हे कळते, तेही अखेर दाखल्यांवरूनच. ओळखीपाळखीने आणि शिफारशीने होणाऱ्या निवडीपेक्षा आकडा पुष्कळ वेळा बरा, हेही खरे. परंतु दाखला मिळाला म्हणजे निबंध वाचला गेला, असे समजू नये. येथे बसलेल्या शालेय विद्यार्थ्यांना अन्नसाखळीतील ‘दहा टक्क्यांचा नियम’ ठाऊक आहे, आणि कित्येक पुस्तकांत तो लिंडमन यांच्या नावावर दिलेला असतो. त्यांच्या निबंधात सीडर बॉग तळ्याचे आकडे आहेत ते असे : सूर्यप्रकाशापैकी वनस्पतींनी धरलेला भाग ०.१० टक्के, पुढच्या पायरीची कार्यक्षमता १३.३ टक्के आणि त्यापुढील पायरीची २२.३ टक्के. मेंडोटा सरोवराचे आकडे आणखी निराळे. सर्वत्र दहा टक्के, असा नियम त्यांनी सांगितलेला नाही. उलट वरच्या पायऱ्यांवर कार्यक्षमता वाढत जाते, असे त्यांचे अनुमान होते. ज्याचे नाव सर्वांच्या मुखी, त्याचे म्हणणे मात्र थोड्यांनीच पाहिलेले, असा हा प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट आकड्यांत येत नाही. १९७६ साली माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांविषयी ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात निबंध लिहिला. त्याचा दाखला किती विद्वानांनी दिला, हे सूची सांगेल. पण अशा लेखनाने देवराईकडे पाहण्याची गावातील एखाद्या शिक्षकाची दृष्टी पालटली असेल, तर ते कोणत्या रकान्यात लिहावे? रानात, तळ्यावर, समुद्रकाठी चालणाऱ्या या शास्त्रात एक पावसाळा हुकला की वर्षभर थांबावे लागते. तेथे निबंध झपाझप निघत नाहीत. निघालेच, तर जरा जपून पाहावे.

ही जाणीव आता इतरत्रही होत आहे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे नियतकालिकांच्या संपादकांनी व प्रकाशकांनी विचारविनिमय करून एक जाहीरनामा सिद्ध केला. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून त्यात लिहिणाऱ्या व्यक्तीची योग्यता ठरवू नये, असे त्यात म्हटले आहे. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत पीएच्.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निदान एक निबंध प्रसिद्ध करण्याची अट होती. २०२२ च्या नियमांत ती उरली नाही. मोठ्या संस्था आपले तराजू पुन्हा तपासून पाहत असताना आपल्या लहानशा मंडळाने जुनेच काटे घट्ट धरून बसण्याचे कारण नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगणे प्राप्त आहे. साहाय्य नाकारल्यावर तिने शिकवण्या धरल्या. तळ्यावर जाण्यास वेळ उरेना, प्रवासखर्चही परवडेना. नोंदवहीत चार महिन्यांचा खंड पडला. दिवाळीनंतर एका लग्नघरी तिची गाठ पडली. तक्रारीचा एकही शब्द तिने काढला नाही. आम्हीच ओशाळून तिचा निबंध मागून घेतला आणि एका रात्रीत वाचून काढला. तो उत्तम आहे. परंतु चूक कळली म्हणून ते चार महिने परत येत नाहीत. ग्रंथालयातील पुस्तक उद्या वाचता येते. गेल्या आश्विनात तळ्यात किती गोगलगायी होत्या, हे आता कोणालाही मोजता येणार नाही.

यास्तव मंडळापुढे आमची नम्र सूचना आहे. अर्जातील तिन्ही रकाने राहू द्यावे, पण ते शेवटच्या पानावर न्यावे. पहिल्या पानावर अर्जदाराने आपल्या एकाच कामाविषयी साध्या मराठीत लिहावे : प्रश्न कोणता होता, काय मोजले, काय सापडले आणि कोठे अडले. ते काम समितीच्या निदान दोघांनी पूर्ण वाचल्यावाचून निकाल देऊ नये. ज्या विषयात आपली गती नाही, तेथे त्या विषयाच्या जाणकारास विचारावे. आणि परत आलेल्या निबंधाला दोष न समजता तो का परत आला, हेही वाचावे. समितीवर राहण्याची आज्ञा झाल्यास पहिला वाचक होण्यास आम्ही तयार आहो. आम्हांस वगळणे मंडळास इष्ट वाटले, तर तेही शिरोधार्य.

विद्यार्थिमित्रांनो, आज तुमच्या हाती जी प्रशस्तिपत्रे पडतील, त्यांवरही आकडेच लिहिलेले आहेत. त्यांचा अभिमान अवश्य बाळगा. लिंडमन यांच्या पाठीशी पत्नीचे साहाय्य, गुरूचे पत्र आणि आपल्या निर्णयाची जबाबदारी घेणारा संपादक उभा राहिला, म्हणून तो सहावा निबंध जगाला मिळाला. तुमच्यापैकी कोणाचे एखादे तळे असेल, तर त्याच्या काठाशी तसे उभे राहणे हे या मंडळाचे काम आहे. गतवर्षी आम्ही ते केले नाही. यंदा ते व्हावे, एवढी प्रार्थना.