दुसऱ्या भेटीची माणसं

आज कामधंदा सोडून इथं आलेले आईवडील, आणि फिजिशियन असिस्टंट म्हणून पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

प्रवेशाच्या वेळी तुम्हाला कुणी ना कुणी विचारलं असेल, या क्षेत्रात का यावंसं वाटलं? बहुतेकांनी 'रुग्णसेवेची आवड' असं सांगितलं असेल. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. तुमच्यातल्या किती जणांनी लातूरला खोली घेऊन नीटची तयारी केली, एकदा परीक्षा दिली, पुन्हा दिली, आणि गुण कमी पडले म्हणून इकडं वळले, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. काहींच्या घरी खासगी मेडिकलची फी हा शब्दच कुणी काढला नाही. भूम-परंड्याच्या कोरडवाहू रानावर जगणाऱ्या बापाला लेक चार वर्षांत कमावती होतेय हे कळलं, तेव्हा त्यानं सुटकेचा श्वास टाकला असेल. यातल्या कुठल्याही कारणाची लाज वाटून घेऊ नका. पोटासाठी माणूस आत येतो, त्यात कमीपणा नाही. आज मला बोलायचं आहे ते आत आल्यावर माणूस तिथं टिकतो कशामुळं, यावर.

आपल्याकडचा रुग्ण कसा येतो ते आठवा. उमरग्याच्या बाजूचा एखादा म्हातारा डोकं धरून ओपीडीत बसतो. "चक्कर येऊलालीय," म्हणतो. बीपी बघितलं तर वरचा आकडा दोनशेच्या घरात. डॉक्टर तपासतात, गोळी लिहून देतात. बाहेर रांग असते, त्यांना पुढचा रुग्ण घ्यावा लागतो. म्हाताऱ्याला खरं तर सलाईन हवं होतं. सलाईन न लावता पाठवलं म्हणून तो थोडा नाराजच होऊन घरी जातो. पंधरा दिवस गोळ्या घेतो, बरं वाटतं आणि बरं वाटलं म्हणून गोळी बंद करतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावातलं अर्धं बिऱ्हाड ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातं, हाही जातो. पुढच्या वेळी तो दिसतो तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालेलं असतं आणि एक हात उचलत नाही.

या माणसाचं निदान चुकलं नव्हतं. औषधही बरोबर होतं. पहिली भेट चोख झाली, दुसरी झालीच नाही. गोळी बंद का करायची नाही, हे त्याच्या बोलीत त्याला कुणी सांगितलं नाही. कारखान्याच्या तळावर जाताना चार-पाच महिन्यांच्या गोळ्यांची सोय काय, असं कुणी विचारलं नाही. महिन्यानं फोन करून "बाबा, आलात का नाही?" म्हणणारं कुणी नव्हतं. हकिकत सविस्तर घेणं, तपासणं, डॉक्टरांपुढं मांडणं, ठरलेला उपचार रुग्णाला समजावणं, घरी सोडताना कागद नीट करणं, पुन्हा बोलावणं, आला नाही तर शोधणं, हे सगळं तुमचं काम आहे. तुम्ही दुसऱ्या भेटीची माणसं आहात. माझ्या मते या पेशात येण्याचं सगळ्यात भक्कम कारण तेच आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यानं हे फार मोठी किंमत देऊन शिकलंय. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, चारच्या सुमाराला जमीन हलली, तेव्हा तुमच्यातल्या कुणाचाही जन्म झालेला नव्हता. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद असलेली घरं झोपलेल्या माणसांवर बसली. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण सास्तूरसारखी आपल्या जिल्ह्यातली गावंही तितकीच जमीनदोस्त झाली. देशभरातून डॉक्टर धावून आले आणि त्यांनी जिवापाड काम केलं, त्यांचे उपकार हा भाग विसरणार नाही. पण बाहेरून आलेल्यांना कधी तरी परत जावं लागतं. मणक्याला मार बसलेली, घरातली सगळी माणसं गेलेली, रात्री झोप न लागणारी माणसं मागं उरतात, आणि त्यांचं दुखणं वर्षानुवर्षं चालतं. त्यांच्या दुसऱ्या, दहाव्या, पन्नासाव्या भेटीला गावातलंच माणूस लागतं.

त्याच काळात तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभं करत होते. त्यांनी गावातल्या बाया निवडल्या, त्यांना शिकवलं आणि 'भारतवैद्य' म्हणून त्यांच्याच गावात कामाला लावलं. साध्या आजारांवर उपचार, गरोदर बाईवर लक्ष, लेकरांची काळजी, आणि आपल्याला झेपणार नाही असा रुग्ण वेळेत पुढं पाठवणं. आपल्या शेजारी, भूम-परंड्याला लागून असलेल्या जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच केलं होतं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं आणि 1979 मध्ये त्या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या बायकांना पगार नावाला होता, पदवी नव्हतीच. त्या टिकल्या, कारण ज्या बाळंतिणीला त्यांनी तपासलं तिचं पोर पुढं त्यांच्या डोळ्यांसमोर वाढत होतं. तुमच्या हातात आज जे प्रमाणपत्र येतंय, त्यावर या बायकांचाही हक्क आहे असं मी मानतो.

हा पेशा ज्या देशात जन्मला तिथली गोष्टही खेड्याचीच आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या गारलँड नावाच्या लहानशा गावात डॉ. एमॉस जॉन्सन प्रॅक्टिस करत. त्यांच्या हाताखाली बडी ट्रेडवेल हा कृष्णवर्णीय माणूस काम करायचा. त्याच्याकडं वैद्यकीय पदवी नव्हती, डॉक्टरांनी त्याला हाताशी धरून शिकवलं होतं. डॉक्टर सभा-संमेलनांना बाहेरगावी गेले की तोच रुग्णांकडं बघायचा. वंशभेदाच्या त्या काळात, दक्षिणेतल्या एका खेड्यात, लोकांनी त्याच्यावर विश्वास टाकला होता! ड्यूक विद्यापीठातले डॉ. युजीन स्टेड यांना हे उदाहरण माहीत होतं. 1965 मध्ये त्यांनी चार जणांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. हे चौघं नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेले होते. हातात कसब होतं, पण नागरी व्यवस्थेत त्यांच्यासाठी जागाच नव्हती. 1967 मध्ये त्यातले तिघं उत्तीर्ण झाले. आपल्या देशात हे शिक्षण 1992 मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये, हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकारानं सुरू झालं. 2021 च्या राष्ट्रीय कायद्यानं या पेशाला संलग्न आरोग्य व्यवसायांच्या यादीत जागा दिली. तुमच्या पाठीशी आज कायदा उभा आहे, जो ट्रेडवेलच्या पाठीशी नव्हता.

आता थोडं कडू बोलतो.

अंगावर पांढरा कोट आला की आपल्याकडं माणूस आपोआप 'डॉक्टरसाहेब' होतो. म्हातारी पाया पडायला येईल. गावात फलकावर नावामागं 'डॉ.' लावा, कोण विचारतंय, असं सुचवणारेही भेटतील. नाही लावायचं. एकदाही नाही. ब्रिटनमध्ये या पेशातल्या लोकांवरून गेली काही वर्षं मोठा वाद झाला. आपण डॉक्टरला भेटतोय अशा समजुतीत रुग्ण राहिले, आजार हेरला गेला नाही, आणि जीव गेले. 2025 मध्ये प्रा. जिलियन लेंग यांच्या अहवालानं तिथं सुचवलं की, निदान न झालेला रुग्ण या मंडळींनी आपल्या जबाबदारीवर पहिल्यांदा बघू नये, काही ठरावीक साध्या आजारांचा अपवाद सोडून. तिथल्या अनेकांना तो निर्णय जाचक वाटतो. मला तो रुग्णाच्या बाजूनं बघता समजतो. समोरच्या माणसाला आपण कोण आहोत हे पहिल्या वाक्यात सांगा. "मी डॉक्टर नाही, डॉक्टरांसोबत काम करते, तुमची सगळी हकिकत मी घेणार आहे." एवढं ऐकून कुठलीही म्हातारी उठून जात नाही. तुम्ही तिचं पूर्ण ऐकून घेतलंत की ती तुमचीच होते.

शेवटचा शब्द तुमचा नसेल, हेही ओळखून घ्या. दिवसभर तुम्ही राबाल आणि आभार डॉक्टरांचे मानले जातील. सही त्यांची असेल. तुम्हाला एखादी गोष्ट खटकेल, ती तुम्ही सांगाल आणि कधी कधी ऐकली जाणार नाही, तरीही ती दुसऱ्यांदा सांगावी लागेल, कारण रुग्ण दोघांचाही आहे. ज्याला हे मनातून सोसणार नाही त्यानं आजही पुन्हा नीटला बसावं, मी त्याला मनापासून आशीर्वाद देईन. निर्णय आपला असावा असं वाटणं हा दोष नाही. पण मनात अढी ठेवून, दुय्यम म्हणून राहिलेला माणूस रुग्णाच्या उपयोगाचा नसतो.

राहिला प्रश्न कामाच्या जागेचा. आज तुमच्या बहुतेक नोकऱ्या पुणे, मुंबई, हैदराबादच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत आहेत. तिथं जा, शिका, घरचं कर्ज फेडा. पण नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आहेत त्यात आपला धाराशिव आहे. आता इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलंय. त्यातून डॉक्टर घडतील, त्यांच्या जोडीला लागणारी माणसंही इथंच लागणार. लोहारा, वाशी, कळंबच्या सरकारी रुग्णालयांत तुमच्यासाठी पद निर्माण व्हावं ही मागणी आम्ही वडीलधाऱ्यांनी शासनाकडं लावून धरायला हवी. मी ती धरणार आहे, आणि व्यासपीठावरच्या मान्यवरांनाही सगळ्यांसमोर तीच विनंती करतो. पद निघेल तेव्हा अर्ज करायला तुमच्यातलं कुणी तरी परत आलेलं असावं.

आणि आईबापहो, गावात पारावर कुणी विचारेल, "पोरगी डॉक्टर झाली का?" तेव्हा मान खाली घालून "नाही, असिस्टंट झाली" असं म्हणू नका. ती काय करते ते नीट सांगा. तिला जाऊन भेटा म्हणावं, आणि येताना जुने केसपेपर आणि चालू असलेल्या गोळ्या पिशवीत घालून आणा म्हणावं.