किडनी बोलत नाही, तिला विचारावं लागतं
(जळगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी धुळ्यात रुग्ण तपासते. आज किडनीबद्दल बोलणार आहे. पुस्तकात तिला मूत्रपिंड म्हणतात, आपल्या घरांत गुर्दा. महाराष्ट्रातल्या मुस्लिम समाजसुधारणेला या आजाराने मोठा फटका दिला आहे. हमीद दलवाई ३ मे १९७७ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने गेले. वय होतं अवघं ४४. तेव्हा डायलिसिस मोजक्या मोठ्या शहरांतच होत असे. आज ते धुळ्या-जळगावात होतं. मशीन आपल्या दारापर्यंत आलं, पण आपण तपासणीला अजूनही उशिराच पोहोचतो. हा उशीर का होतो, ते आधी समजून घेऊ.

पाठीच्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. प्रत्येकीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या. दिवसभरात त्यांतून जवळपास १८० लिटर पाणी गाळलं जातं. त्यातलं बहुतेक सगळं शरीर परत घेतं आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. पण किडनीचं काम एवढंच नाही. ती बीपी सांभाळते, मीठ आणि पोटॅशियमचा तोल राखते, हाडांसाठी ड जीवनसत्त्व कामाला लावते आणि रक्त तयार करण्याचा निरोप हाडांतल्या मगजाला देते. म्हणून एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वाढत नसेल, तर 'अशक्तपणा आहे' म्हणून सोडून देऊ नका. त्यामागे किडनी असू शकते.

या अवयवाची एक अडचण आहे. तो दुखत नाही. मुतखडा, म्हणजे पथरी, अडकली की माणूस गडाबडा लोळतो. पण शुगर आणि बीपीमुळे गाळण्या हळूहळू मरतात, तेव्हा काहीच दुखत नाही. निम्मं काम बंद पडलं तरी माणूस दुकानात बसतो, लूमवर उभा राहतो. पायावर सूज, मळमळ, अंगाला खाज, दम लागणं हे सगळं बहुतेक वेळा फार उशिरा येतं. लघवीला फेस येणं ही त्यातल्या त्यात लवकरची खूण, पण तिच्याकडे कोण लक्ष देतं?

म्हणून विचारावं लागतं, आणि ते दोन साध्या चाचण्यांनी. पहिली, लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन गळतं आहे का. दुसरी, रक्तातलं क्रिएटिनिन. नुसता आकडा पाहून 'नॉर्मल आहे' म्हणू नका. वय आणि स्त्री की पुरुष हे धरून त्यावरून ईजीएफआर काढतात. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर किडनीचा जुना आजार आहे असं धरतात. १५ च्या खाली गेला तर किडनी निकामी होण्याची अवस्था. शुगर किंवा बीपी असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी या दोन्ही चाचण्या कराव्यात. लवकर कळलं तर औषधांनी आणि शुगर-बीपी आटोक्यात ठेवून आजाराचा वेग बराच कमी करता येतो. मेलेल्या गाळण्या मात्र परत येत नाहीत.

आता आपल्या खानदेशाचं बोलू. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये पॉवरलूम चालवणारा, शेतात राबणारा माणूस घामाने निथळतो आणि पाणी कमी पितो. लघवी घट्ट होते, खडे धरतात. बायका तर बाहेर स्वच्छतागृह नाही म्हणून मुद्दाम पाणी टाळतात, लघवी दाबून ठेवतात. त्यातून जंतुसंसर्ग होतो. तो वारंवार होऊन वर चढला तर किडनीलाही इजा पोहोचते.

दिवसभर उभं राहून कंबर दुखते, मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं वाईट नाहीत, पण डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेतली तर किडनीवर घाव घालतात. जुलाब-उलट्या होऊन शरीर सुकलेलं असताना तर जास्तच. नाव-गाव नसलेल्या पुड्या आणि भस्मंही तशीच. त्यांत शिसं, पारा असू शकतो.

मुतखड्याच्या माणसाला मी भरपूर पाणी प्या म्हणते. पण ज्याची किडनी निकामी होत आली आहे आणि अंगावर सूज आहे, त्याला पाणी मोजून घ्यावं लागतं. तसंच केळ्याचं. रावेर-यावलची केळी निरोगी माणसाने खुशाल खावीत. आजार पुढे गेलेल्या रुग्णाच्या रक्तात मात्र त्यातलं पोटॅशियम साठतं आणि हृदय थांबू शकतं. इफ्तारच्या खजुरालाही हेच लागू. शेजाऱ्याचा सल्ला आपल्या अंगाला लावू नका.

रोज्याबद्दल मला दर वर्षी विचारतात. २०१८ चा रमजान मे-जूनमध्ये आला होता. त्या उन्हात पंधरा तास पाण्याविना राहणं बिघडलेल्या किडनीला झेपण्यासारखं नव्हतं. कुरआनात सूरह बकरामध्ये आजारी माणसाला सवलत दिली आहे. रोजे नंतर पूर्ण करता येतात, तेही शक्य नसेल तर फिदिया आहे. ही सवलत घेण्यात कमीपणा कसला? रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. गोळ्यांच्या वेळा आपल्या मनाने बदलू नका.

किडनी पूर्ण थांबली तर दोन वाटा राहतात. डायलिसिस, म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. नाहीतर प्रत्यारोपण. पैशाअभावी डायलिसिस सोडू नका. जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळावं म्हणून केंद्राचा कार्यक्रम २०१६ पासून आहे. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. तिच्यातही डायलिसिस बसतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड घेऊन भेटा.

प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे. आई-वडील, भावंडं, मुलं, पती-पत्नी किडनी देऊ शकतात. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडंही त्यात आली. विक्री हा गुन्हा आहे. 'आपल्यात चालतं का' असं विचारणाऱ्यांना सांगते, जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८८ मध्येच अटींसह अवयवदानाला मान्यता दिली. विक्रीला नाही.

आणि आता थोडं कडू बोलते. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बहुसंख्य बायका असतात, आई, बायको, बहीण. घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. तिने प्रेमाने दिली असेल, तर तिच्यापुढे मान झुकते. पण तिला 'नाही' म्हणता आलं असतं का, हे कुणी विचारलं? आणि तिचीच किडनी बिघडली तर पुढे कोण येतं? हा प्रश्न एका धर्माचा नाही. तो प्रत्येक घराचा आहे.

त्याची सुरुवात तपासणीपासूनच होते. अब्बांचा रिपोर्ट दर तीन महिन्यांनी येतो, अम्मीची शुगर किती हे मुलांना ठाऊक नसतं. बाळंतपणात बीपी वाढलेल्या बहिणीची लघवी नंतर कुणी तपासलेली नसते. तेव्हा इथून घरी गेल्यावर एकच काम करा. घरात शुगर, बीपी, मुतखडा कुणाला आहे त्याची यादी लिहा, आणि पुढच्या आठवड्यात लघवी आणि रक्ताच्या चाचणीला जाताना त्या यादीत घरातल्या बायकांची नावं सगळ्यात वर ठेवा.