घरपट्टी माफ आहे, पण अर्ज करा

संगमेश्वर परिसरातल्या माजी सैनिकांनो, ही माहिती तुमच्या कामाची आहे. माजी सैनिकाला… आणि सैनिकाच्या विधवा पत्नीला… घरपट्टी माफ आहे. राज्यात 2020 पासून बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आहे. तिच्यात अपंगत्वाची टक्केवारी विचारत नाहीत. पण सूट आपोआप लागत नाही. रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. तो अर्जासोबत ग्रामपंचायतीत द्यायचा. अडचण इथेच आहे. ज्याने सीमेवर पाय गमावला, त्याला एसटीची पायरी चढणेही कठीण. म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याने अशा घरांची यादी करावी… आणि अर्ज घरी जाऊन भरून घ्यावा.

कुणी म्हणेल, अशाने ग्रामपंचायतीचे उत्पन्न बुडेल. शंका रास्त आहे. गावातली बरीच कामे घरपट्टीवर चालतात. पण ही सूट एकाच घरापुरती आहे. दुसऱ्या घराची पट्टी भरावीच लागते. उलट, जखमी सैनिकाचा औषधांचा आणि सोबतीचा खर्च जन्मभर चालतो. त्याचा भार त्याच्या घरावर पडतो. त्यातला थोडा भार गावाने उचलला, तर ते उपकार नव्हेत. तेव्हा लक्षात ठेवा… घरपट्टी माफ आहे, पण अर्ज करायला हवा.