काचेच्या घरातील माणूस



मागे एकदा मूलभूत हक्कांवर माझे भाषण झाले, तेव्हा सभा संपल्यावर एका तरुणाने मजला गाठून प्रश्न केला. तो म्हणाला, "वकीलसाहेब, एखादे राज्य सर्वांना एका फटक्यात समान करील, सर्वांस एकच वेश, एकच अन्न देईल, जात आणि आडनाव दोन्ही पुसून टाकील, आणि त्याबदली व्यक्तीचे स्वातंत्र्य मागून घेईल, तर आपले काय जाणार? ते आपल्यापाशी होतेच कोठे?" प्रश्न उद्धट नव्हता, खरा होता. त्या वेळी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो, आणि कायद्याच्या पुस्तकातून न देता तीन कादंबऱ्यांतून देतो. कारण तसल्या राज्यात राहणे म्हणजे काय, याचे चित्र कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

पहिली कादंबरी येव्हगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाची. नाव 'आम्ही'. हा गृहस्थ जहाजे बांधणारा इंजिनिअर होता. झारच्या पोलिसांनी त्याला तुरुंगात टाकले होते आणि क्रांतीनंतरच्या सरकारनेही टाकले. त्याने १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेली ही कथा त्याच्या देशात छापू दिली गेली नाही. १९२४ साली ती प्रथम इंग्रजीत, न्यूयॉर्कला निघाली. तीत जे राज्य आहे, तेथे त्या तरुणाच्या मनातील सर्व काही आहे. जात नाही, आडनाव नाही, किंबहुना नावच नाही. प्रत्येकास एक अक्षर व एक आकडा. नायकाचे नाव डी-५०३. सर्वांचा गणवेश एक. उठणे, कामास जाणे, झोपणे हे सर्व एकाच घटकेस; घास किती वेळा चावावा तेही ठरलेले, पन्नास वेळा. घरे काचेची, म्हणजे शेजारी काय करतो ते सर्वांस दिसावे. पडदा ओढावयाचा तर गुलाबी चिठ्ठी लागते, आणि तीही ठरलेल्या तासापुरती.

त्या राज्यात निवडणूकही होते, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. वर्षातून एक दिवस सारे एकत्र जमतात आणि राज्यकर्त्याच्या बाजूने उघडपणे हात वर करतात. सर्वांनी एकमुखाने होकार द्यावयाचा, एवढाच त्या निवडणुकीचा अर्थ. कथेत एका वर्षी हजारो हात विरुद्ध वर होतात. दुसऱ्या दिवशीच्या सरकारी पत्रात छापून येते की, राज्यकर्ता अठ्ठेचाळिसाव्या वेळी एकमताने निवडून आला! आपण मतदानाच्या वेळी पुठ्ठ्याच्या आडोशामागे जातो, तेव्हा तो आडोसा क्षुल्लक वाटतो. परंतु गावात ज्याच्या शेतावर राबतो, त्याच्या डोळ्यांआड आपला कौल देता यावा, एवढे एकांत स्थळ राज्याने तेथे प्रत्येकास करून दिलेले असते. डी-५०३ ला ते नव्हते.

आता तो तरुण म्हणेल, "असो, एकांत गेला तरी समता तर मिळाली ना?" याचसाठी दुसरी कादंबरी वाचावी लागते. अल्डस हक्सले या इंग्रज लेखकाची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', १९३२ सालची. तिच्यातील राज्यही व्यक्तीला जुमानत नाही, परंतु त्याने समता आणली नाही. जातीच निर्माण केल्या. आणि हा शब्द मी पदरचा घालीत नाही. हक्सलेने 'कास्ट' हाच शब्द योजिला आहे. माणसे आईच्या पोटी जन्मत नाहीत, कारखान्यात बाटल्यांतून निघतात. त्यांचे पाच वर्ग. ग्रीक अक्षरांनी ओळखावयाचे, वरचा अल्फा, तळाचा एप्सिलॉन. तळच्या वर्गाच्या गर्भास प्राणवायू मुद्दाम कमी दिला जातो, म्हणजे त्याची बुद्धी व उंची खुंटावी. प्रत्येक वर्गाच्या कपड्यांचा रंग निराळा. झोपेत मुलांच्या कानांत शिकवण ओतली जाते की, आपला वर्ग आहे तोच बरा.

त्यातील एक प्रसंग वाचताना माझ्याच्याने पुस्तक पुढे वाचवेना. डेल्टा म्हणजे खालच्या वर्गातील आठ महिन्यांची मुले जमिनीवर सोडली आहेत. त्यांच्यापुढे रंगीत चित्रांची पुस्तके व गुलाबाची फुले मांडली आहेत. मुले आनंदाने रांगत जातात, पुस्तकास हात लावतात, आणि त्याच क्षणी कानठळ्या बसविणारा आवाज होतो व फरशीतून विजेचे धक्के दिले जातात. असे पुनःपुन्हा करावयाचे. मग जन्मभर ती मुले पुस्तकाकडे फिरकत नाहीत. कारण उघड आहे. खालच्या वर्गाने वाचले तर त्याची घडवलेली समाधानी वृत्ती मोडेल. आपल्यापैकी ज्यांचे आजे-पणजे शाळेच्या व्हरांड्यात बसविले गेले, त्यांस हा प्रसंग परका वाटणार नाही. फरक इतकाच की, आपल्याकडे हे काम शास्त्राने व गावाने केले. तेथे प्रयोगशाळा करते. मनुस्मृतीने तर शूद्राचे नावसुद्धा निंदाव्यंजक असावे असे सांगून ठेवले आहे.

म्हणून त्या तरुणास माझे उत्तर असे. झाम्यातिनच्या राज्यात सर्व सारखे, हक्सलेच्या राज्यात पाच जाती. परिणाम उलटे, पण मूळ एक: दोन्हीकडे 'मला हे मान्य नाही' असे म्हणणारा माणूस शिल्लक ठेवलेला नाही. तो नसला म्हणजे राज्य आज समता देईल व उद्या जात देईल, त्यास अडविणार कोण? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना परमपूज्य बाबासाहेबांनी, घटनेने गाव हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले होते. गावाने आपणांस काय दिले ते त्यांना ठाऊक होते.

तिसरे पुस्तक जॉर्ज ऑर्वेलचे, 'नाइन्टीन एटी-फोर', १९४९ साली प्रसिद्ध झालेले. ऑर्वेलचा जन्म १९०३ साली बिहारातील मोतीहारीचा, आणि पुढे त्याने ब्रह्मदेशात ब्रिटिशांची पोलीस नोकरी केली, तेव्हा राज्याची काठी त्याने आपल्या हाताने धरून पाहिली होती. वकील या नात्याने मला त्यातील एका गोष्टीने थबकविले. नायक विन्स्टन चोरून रोजनिशी लिहावयास बसतो. रोजनिशी लिहिणे तेथे बेकायदा नाही. कारण त्या राज्यात कायदाच उरलेला नाही! मात्र पकडला गेल्यास मरण, नाही तर पंचवीस वर्षांची सक्तमजुरी. जेथे गुन्ह्याची व्याख्या नाही, तेथे बचावही नाही.

हे केवळ कादंबरीत घडते असे समजू नका. आणीबाणीत, १९७६ साली, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने असे ठरविले की, बेकायदा डांबलेल्या माणसालाही सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ती एकटे ह. रा. खन्ना होते. तो निकाल रद्द ठरण्यास २०१७ साल उजाडावे लागले. नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, त्याच निकालात.

आपल्या धम्मदीक्षेशी तर याचा थेट संबंध आहे. हिमाचल प्रदेशात धर्म बदलण्यापूर्वी सरकारास आगाऊ सूचना द्यावी, अशी कायद्याची अट होती. २०१२ साली तेथील उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण माणसाची श्रद्धा ही त्याची स्वतःची गोष्ट आहे. पुढे २०१९ च्या नव्या कायद्याने ती अट परत आली. गुजरातेत एप्रिल २०२४ मध्ये गृहखात्याने परिपत्रक काढून, हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात येण्यास पूर्वपरवानगी लागेल असे कळविले. मनात काय चालले आहे ते आधी सांगा, मग बदला, असा हा प्रकार आहे. आपण ज्या राज्यात राहता तेथील नियम वकिलास विचारून घ्यावा. घाबरून गप्प बसू नये आणि अज्ञानात खटला ओढवून घेऊ नये.

एक गोष्ट मात्र आपल्या घरातली आहे, ती बोलल्यावाचून राहवत नाही. धर्म व नाव बदलल्याची राजपत्रात नोंद करण्यासाठी माझ्यापाशी कुटुंबे येतात. बहुधा बोलतो तो कुटुंबप्रमुख. मागे असेच एक जोडपे आले होते. मी बाईंना विचारले, "ताई, तुमची इच्छा आहे ना?" उत्तर यजमानांनी दिले. मी पुन्हा ताईंकडेच पाहून विचारले. त्या थोडा वेळ थांबल्या, मग म्हणाल्या, "आहे. पण मला आजवर कोणी विचारले नव्हते." यजमान ओशाळले, भला माणूस होता. मी तयार केलेला एकत्र मसुदा बाजूस ठेवला आणि दोन प्रतिज्ञापत्रे निरनिराळी लिहिली. ताईंनी आपले नवे नाव काय ठेवावयाचे ते ठरविण्यास दोन दिवस मागितले, आणि तिसऱ्या दिवशी त्या एकट्याच आल्या.