सुरुवात एंगलवूडपासून



स्वागत समितीच्या वतीने, डॉक्टर आणि अभियंत्यांच्या या परिषदेसाठी शिकागोत आपलं मनःपूर्वक स्वागत! इथलं महाराष्ट्र मंडळ 1969 सालचं. बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही 1981 साली इथेच झाली. या शहराने आपल्याला जवळ केलं, म्हणून त्याचं एक दुखणं आज आपल्यापुढे मांडते.

सरोवराकाठच्या स्ट्रीटरव्हिलमध्ये माणूस सरासरी नव्वदीपर्यंत जगतो. तिथून काही मैलांवर, कृष्णवर्णीयांच्या एंगलवूड वस्तीत, जेमतेम साठीपर्यंत. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली हे दाखवून दिलं. महापालिका एकच, आणि आयुष्यात 30 वर्षांची तफावत!

नव्या यंत्रांनी ती आपोआप भरून निघणार नाही. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला. रक्तातला ऑक्सिजन घसरलेला असूनही तो आकडा ठीक दाखवतो, ही चूक कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते, असं 2020 साली मिशिगनच्या डॉक्टरांना आढळलं. या यंत्राचा प्रकाश त्वचेतून जातो, आणि गडद त्वचेवर ते पुरेसं पारखलंच गेलं नव्हतं.

अशीच चूक भाषेतही होते. माझी आई इथे आली असताना व्हिडिओवर डॉक्टरांना म्हणाली, “जीव कासावीस होतोय.” भाषांतराच्या ॲपने सांगितलं, बाईंना काळजी वाटते आहे. तिचा हात छातीवर होता. तो मी पाहिला, म्हणून निभावलं.

पण वाट दाखवणारं उदाहरणही याच शहरात आहे. 1937 साली डॉ. बर्नार्ड फँटस यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयातली पहिली रक्तपेढी उघडली, ती कुक काउंटीच्या, गोरगरिबांच्या सरकारी रुग्णालयात. आयत्या वेळी रक्तदाता शोधण्याची धावपळ आधी तिथे थांबली. मग देशभरच्या रुग्णालयांनी तीच सोय उचलली.

म्हणून एक विनंती. या दोन दिवसांत जे जे यंत्र, जे जे ॲप चर्चेला येईल, त्याला आधी विचारूया: एंगलवूडच्या बोटावर तुझी परीक्षा झाली का? माझ्या आईचं मराठी तुला कळतं का?

आमच्या स्वयंसेवकांनी महिनोन्‌महिने राबून ही तयारी केली आहे. त्यांची मी ऋणी आहे. पाहुणचारात काही उणं राहिलं तर हक्काने सांगा. परिषदेला मनापासून शुभेच्छा देते आणि पुन्हा एकदा आपलं स्वागत करते.